टर्बो गेला, साहेब!

मागे 'टर्बो' लिहिलेली गाडी घेण्यात एक मोठा धोका असतो. गाडीला पुढे काहीही झालं तरी लोक आधी मागे जाऊन ते नाव वाचतात. माझ्या गाडीचा वायपर अडकला तेव्हा शेजारचे काका म्हणाले होते, "टर्बो गाड्यांचं असंच असतं." पंक्चर काढणाऱ्यानेही टायरमधला खिळा उपटण्याआधी मागे एक फेरी मारली, नाव वाचलं आणि सहानुभूतीने मान हलवली. त्यामुळे इंजिनाखाली तेलाचा डाग पडला, तेव्हा खटला उभा राहण्याआधीच टर्बोवर निकाल लागलेला होता.

डाग मी पाहिला नाही. तो सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाहिला. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत नुकतेच नवे पेव्हर ब्लॉक बसले होते आणि त्यांच्यावर सेक्रेटरींचा इतका जीव होता, की मुलांनी खडूने चौकोन आखले तरी त्यांना रात्री झोप लागत नसे. नोटीस बोर्डावर कागद लागला : 'काही सभासदांच्या वाहनांतून तेल गळत असून सामाईक मालमत्तेचे नुकसान होत आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.' 'काही सभासद' म्हणजे मी एकटा, हे पार्किंगमधल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. त्याने माझ्या गाडीखाली झोपणं सोडलं होतं, तेही पाठीवर काळा पट्टा उमटल्यावर.

वॉचमनने गाडीखाली पुठ्ठा टाकला. बायकोने जुनी परात दिली आणि बजावलं, "अहो, ही परत घरात आणायची नाही." रोज सकाळी परातीत काय जमलं ते बघायला चार माणसं जमू लागली. पुरुषजातीला जमिनीवर एखादा द्रव दिसला की त्यात बोट बुडवून वास घेतल्याशिवाय राहवत नाही. एकाने वास घेऊन कूलंट सांगितलं, दुसऱ्याने ब्रेक ऑइल, तिसऱ्याने एसीचं पाणी. एसीचं पाणी काळं कसं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "हल्ली प्रदूषण किती आहे!" खरं तर डिझेल गाडीत तेल घातल्यावर थोड्याच दिवसांत ते काजळीने काळंकुट्ट होतं, त्यामुळे काळं, बुळबुळीत आणि पेव्हर ब्लॉकला चिकटून बसणारं ते इंजिन ऑइलच असणार. पण वासाने निदान करण्यात जी प्रतिष्ठा आहे, ती नुसतं बघून करण्यात नाही.

पहिल्या गॅरेजवाल्याने वासही घेतला नाही. मी गाडी फाटकातून आत घेत होतो तेवढ्यात तो लांबूनच ओरडला, "टर्बो गेला, साहेब!"

"बॉनेट तरी उघडा."

"आवाजावरून कळतं."

"आवाज हॉर्नचा होता. वाटेत तुमची स्कूटर उभी होती."

मग त्याने नाइलाजाने बॉनेट उघडलं, टर्बोकडे जाणारा हवेचा रबरी पाइप सोडवला, आत बोट घातलं आणि ते तेलकट बोट माझ्या नाकासमोर नाचवलं. "हा पुरावा. आतून तेल फेकतोय. नवा टाकावा लागेल." त्याने सांगितलेली रक्कम ऐकून माझा मात्र खरोखरच आवाज बदलला. त्यावरून त्याने माझं काही निदान केलं नाही, एवढीच त्याची मेहरबानी.

आरोपीची बाजू कुणी मांडलीच नाही, म्हणून ती इथे थोडक्यात मांडतो. इंजिनातून सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराला वाटेत अडवून त्याच्याकडून एक चाक फिरवून घ्यायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त, म्हणून जोर जास्त. फुकट चाललेल्या धुरालाही कामाला लावण्याची ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली पेटंट केली. काटकसरीची ही पातळी बघता तो सदाशिव पेठेत जन्मला नाही याचं आश्चर्य वाटतं.

हा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो. एका अंगाला 700 अंशांच्या घरातला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा, आणि मधला दांडा बहुतेक गाड्यांत कशालाही टेकलेला नसतो. तो तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत फिरतो. हे तेल वरच्या बारीक पाइपातून पंपाच्या दाबाने येतं आणि काम झालं की खालच्या जाड पाइपातून इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये परततं. येताना मागे पंप असतो. जाताना कुणी विचारत नाही, आपल्याच वजनाने उतरायचं. टर्बोच्या गळतीची निम्मी रामायणं या दोन पाइपांत घडतात. पण पाइपाला नाव नसतं आणि तो बदलून मोठं बिल होत नाही, त्यामुळे त्याच्यावर कुणी संशय घेत नाही.

टर्बोची बदनामी तशी जुनीच आहे. 1962 साली अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल जेटफायर काढली. साडेतीन लिटरचं व्ही-8 इंजिन, 215 अश्वशक्ती, आणि सोबत एक बाटली. तिच्यात शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण भरायचं. त्याला कंपनीने 'टर्बो रॉकेट फ्लुइड' असं भारदस्त नाव दिलं होतं. ते इंजिनात फवारलं जायचं आणि आतला भडका आटोक्यात राहायचा. बाटली रिकामी झाली की इंजिन वाचावं म्हणून गाडी आपणहून टर्बोचा जोर आवरता घ्यायची. म्हणजे गिऱ्हाइकाने फक्त बाटली भरायची होती. गिऱ्हाइकांनी नेमकं तेवढंच केलं नाही आणि गाडीत दम नाही म्हणून तक्रारी केल्या. शेवटी कंपनीने कंटाळून अनेक गाड्यांचे टर्बो काढले आणि साधे कार्बोरेटर बसवून दिले. बाटली भरायला विसरणारी माणसं जशीच्या तशी राहिली. त्यांना बदलून देण्याची सोय तेव्हाही नव्हती.

दुसरं मत घ्यावं म्हणून मी दुसरीकडे गेलो. तिथे टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं होतं. पुढच्या ठिकाणी चेंबरचं पॅकिंग गेलं होतं. त्याच्या पुढच्या ठिकाणी क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं होतं आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागणार होता. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर क्लचप्लेटही टाकून घ्या, असा प्रेमाचा आग्रहही होता. हळूहळू लक्षात आलं, की ज्याच्या फळीवर जे पडून होतं, तेच माझ्या गाडीतलं गेलेलं होतं. एका दुकानात नुसते सीटकव्हर मिळत. तिथे मी तेलाचा विषय काढला नाही.

सोसायटीत तोवर सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला होता. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, "तेल जाड टाका, गळणार नाही." तेल जाड असलं की सकाळी गार इंजिनात ते त्या बारीक पाइपातून टर्बोपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि तोवर दांडा कोरडाच फिरतो, असं मी कुठेसं वाचलेलं त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "फिरू दे की. गळत तर नाही ना?" जुन्या मोटारसायकलवर तारुण्य घालवलेल्या एका गृहस्थांचं म्हणणं, की डाग पडतोय म्हणजे आत तेल आहे, डाग थांबला की काळजी करा. निवृत्त इंजिनिअर काकांना धुराचा रंग बघायचा होता. निळा असेल तर तेल जळतंय, काळा असेल तर डिझेल, पांढरा असेल तर आणखी काहीतरी. मग मी ॲक्सिलरेटर दाबत बसलो आणि पाचसहा पोक्त माणसं गाडीमागे कंबरेत वाकून उभी राहिली. निळसर, करडा, मोतिया असे रंग पुकारले जाऊ लागले. शेवटी बायको गॅलरीतून म्हणाली, "अहो, तो धूर पलीकडच्या वडापावच्या गाडीचा आहे." समिती बरखास्त होऊन सगळे वडापाव खायला गेले. पैसे मी दिले, कारण गाडी माझी.

याच सुमारास माझ्या आयुष्यात सिलिकॉनवाला मिस्त्री आला. त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी करड्या सिलिकॉनची ट्यूब असे. "कुठून गळतंय?" हा प्रश्न तो विचारतच नसे. ओलं दिसेल तिथे ट्यूब दाबायची आणि बोटाने सारवायचं, एवढंच त्याचं शास्त्र. त्याने अर्धं इंजिन सारवलं. तेलाच्या पाइपाचा जोड उघडून आतूनही लावतो म्हणाला, तेव्हा फोन आल्याचं निमित्त करून मी गाडीसकट पळालो. कारण आत पिळून आलेला त्या रबराचा एखादा तुकडा सुटून त्या बारीक वाटेत अडकला, तर दांड्याला तेल बंद. मग 'टर्बो गेला' ही भविष्यवाणी खरी करून दाखवायला फार वेळ लागत नाही. बाहेरच्या सारवणाचा परिणाम असा झाला, की गळती जिथल्या तिथे राहिली आणि ओल मात्र भलतीकडे दिसू लागली. परातीची जागा हातभर मागे सरकवावी लागली.

शेवटी नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टवाल्याने भोसरीच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा पत्ता दिला. गॅरेजला पाटी नव्हती. मिस्त्री एका डब्यावर बसून चहा पीत होते. मी सगळी कहाणी सांगितली : टर्बो, टॅपेट कव्हर, चेंबर, ऑइल सील, धूर, सारवण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बशी खाली ठेवली.

"मग काय गेलं असेल?" मी विचारलं.

"ठाऊक नाही."

माझा कानांवर विश्वास बसेना. इतक्या ठिकाणी फिरलो, पण 'ठाऊक नाही' म्हणणारा हा पहिलाच निघाला. एवढं कमी ज्ञान असलेल्या माणसाच्या हाती गाडी द्यावी का, असाही विचार मनात येऊन गेला.

"ठाऊक कसं असेल साहेब? इंजिन केवढं मळलंय. आधी धुवायला लागेल."

आल्टरनेटरला प्लास्टिकची पिशवी बांधून पोराने इंजिन घासलं. करडं सारवण खरवडून काढलं. हवेच्या नळीने सांधेकोपरे सुकवले. मग मिस्त्रींनी फळीवरून टाल्कम पावडरचा डबा घेतला आणि मागच्या बाजूला, टर्बोभोवती, पाइपांच्या जोडांवर सढळ हाताने शिंपडला. लग्नाला निघालेल्या करवलीसारखं नटलेलं ते इंजिन त्यांनी चालू केलं. "आता बसा. ते आपणच सांगेल."

बसल्या बसल्या त्यांनी पहिल्या गॅरेजवाल्याचा पुरावाही तपासला. हवेच्या पाइपात तेलाचा पातळ थर असतोच, म्हणाले. इंजिनाच्या श्वासाची नळी तिथेच येऊन मिळते आणि तिच्यातून तेलाची वाफ येत राहते. डबकं साचलं तर घाबरायचं. इंजिन बंद आणि गार झाल्यावर त्यांनी टर्बोचं चाक दोन बोटांत धरून हलवलं. बाजूला किंचित हललं. तेल नसताना तेवढं हलणारच. पण पुढे-मागे सरकता कामा नये आणि पाती कवचाला घासता कामा नयेत. तसं काही नव्हतं. तेल भरायचं झाकण काढून चालू इंजिनाची फुसफुस किती तेही त्यांनी आधी बघितलं होतं. श्वासाची नळी तुंबली किंवा आत दाब वाढला, की जाड पाइपातलं तेल खाली उतरत नाही. वाट मिळाली नाही की ते टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं आणि धूर निळा होतो. "मग लोक टर्बो बदलतात," मिस्त्री म्हणाले. "नवाही गळतो. मग टर्बोवाल्याला शिव्या देतात."

एवढ्यात पोराने बॅटरीचा उजेड मारला. टर्बोच्या डोक्यावर, बारीक पाइप जिथे बोल्टने बसतो तिथे, पांढऱ्या पावडरीवर नखाएवढी काळी ओल उमटली होती. तिथून एक रेघ कवचाच्या पत्र्याआड शिरली होती, इंजिनाच्या पाठीवरून घसरत गिअरबॉक्सवर आली होती आणि तिथल्या एका बोल्टवरून थेंब जमिनीवर उतरत होता. उगम वर, थेंब खाली हातभर लांब. वेगात तर वारा तेल आणखी मागे उडवतो. म्हणून ज्याने खालून पाहिलं त्याला चेंबर दिसला, ज्याने मागून पाहिलं त्याला ऑइल सील दिसलं.

मिस्त्रींनी तो बोल्ट काढून माझ्या तळहातावर ठेवला. आतून पोकळ, मानेत आडवं भोक. तेल पाइपाच्या गोल कडीतून त्या भोकात शिरून बोल्टच्या पोटातून टर्बोत जातं. कडीच्या वर एक आणि खाली एक असे दोन तांब्याचे वायसर. वरच्या वायसरवर दोन गोल चरे होते, एकमेकांना छेदणारे. म्हणजे एकदा दाबून चपटलेला वायसर कुणीतरी काटकसर करून पुन्हा बसवला होता. तांबं मऊ असतं म्हणूनच दाबलं की जागा भरून काढतं; एकदा दबून कडक झालं की पुन्हा तसं बसत नाही. सगळा खटला त्या केसभर चऱ्याचा होता.

"एवढंच?" मी विचारलं. खरं सांगतो, मला जरा अपमानच वाटला. टर्बोसाठी मनाची तयारी केलेली असताना वायसर निघणं म्हणजे काय!

नवे वायसर आले. पोराने सवयीने पान्याला लांब नळी अडकवली, तसे मिस्त्री ओरडले, "पोकळ आहे तो! मोडला तर निम्मा आतच राहील." मग फडक्यात गुंडाळलेला टॉर्क पाना निघाला. आपल्याकडे पाना हात दुखेपर्यंत आवळायचा असतो. हा पाना ठरल्या ताणाला 'कट्' असा आवाज करून पुरे म्हणून सांगतो. पुरे कुठे म्हणायचं ते कळणारी वस्तू मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली. बोल्ट बसवण्याआधी त्यांनी टर्बोच्या भोकात चमचाभर ताजं तेल सोडलं आणि नंतर इंजिन सुरू होऊ न देता थोडं फिरवलं, म्हणजे पहिल्या फेऱ्यापासून दांडा ओला.

निघताना त्यांनी विचारलं, "घाट चढून आलात की लगेच किल्ली फिरवता?"

"हो. पोचलो की बंद."

"मिनिटभर नुसतं चालू ठेवत जा. तापलेल्या टर्बोत थांबलेलं तेल जळून कोळसा होतं आणि बारीक पाइप आतून बुजतो."

तेव्हापासून मी खंबाटकी घाट चढून आल्यावरच नव्हे, कोपऱ्यावरून दूध आणलं तरी इंजिन चालू ठेवून गाडीत बसतो. वॉचमनला वाटतं, माझं फोनवर भांडण चाललंय. बायको दोन्ही हातांत पिशव्या घेऊन लिफ्टपाशी थांबते.

"अहो, काय करताय?"

"टर्बो थंड होतोय."

"आणि मी तापतेय त्याचं काय?"

सोसायटीत मात्र बातमी कुणाला आवडली नाही. पेव्हर ब्लॉक कोरडे राहू लागले, कुत्रा गाडीखाली परतला, पण शेजारच्या काकांनी मान हलवली. "वायसर? छे. तात्पुरतं आहे ते. टर्बो जाणारच." तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, जाड तेल टाकलं असतं तर वायसरही लागला नसता. महागड्या गाडीला क्षुल्लक आजार झाला की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. सेक्रेटरींनी तेवढी जुनी नोटीस काढली आणि तिच्या जागी परातीबद्दलची लावली.

तेव्हा वाचकहो, उद्या तुमच्या गाडीखाली डाग दिसला तर एवढं करा. आधी इंजिन धुऊन घ्या. मग सगळ्यात वरची ओली जागा शोधा. खालची ओल हा नुसता वाटसरू असतो. वायसर नेहमी नवा घ्या. जोडात सिलिकॉन भरू देऊ नका. टर्बो बदलण्याआधी जाड पाइप आणि श्वासाची नळी मोकळी आहे का ते बघायला सांगा. आणि बॉनेट न उघडता निदान सांगणारा माणूस भेटला तर त्याला आनंदाने चहा पाजा, पण किल्ली देऊ नका. किल्ली 'ठाऊक नाही, बघावं लागेल' म्हणणाऱ्याकडेच द्यावी.